टाकीवरचा कावळा आणि एक सेंटिमीटर

तीर्थरूप भावोजींच्या चरणी मेहुण्याचा वाकून नमस्कार.

आपली प्रकृती, दुकान आणि डावा गुडघा ही तिन्ही ठीक असावीत असं धरून लिहायला बसलो आहे. (गुडघा डावाच ना? मागच्या पत्रात ताईने नुसतं 'गुडघा' एवढंच लिहिलं होतं. निरीक्षण नोंदवताना बाजू लिहावी, एवढं तिला माझ्यातर्फे सांगावं.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'बरे' हा शब्द पत्राच्या सुरुवातीला लिहायचा असतो म्हणून लिहिला आहे. तो मोजून लिहिलेला नाही. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, आणि मी काय सांगत होतो ते मलाच आठवेनासं होतं. कागद निदान मधेच 'एक मिनिट हं' म्हणत नाही.

विषय तुमच्या धाकटीचा आहे. घाबरू नका, तब्येत उत्तम आहे, जेवण मात्र दोन पोळ्यांवरून एकीवर आलं आहे. तुमच्या गावची शाळा आठवीला संपते म्हणून, आणि मामा शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे तेव्हा निदान विज्ञानाची काळजी नको म्हणून, तुम्ही दोघांनी तिला आमच्याकडे ठेवलंत. तर कळवायला वाईट वाटतं की विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिला वीसपैकी शून्य गुण मिळाले आहेत. वर्गातल्या बाकीच्या अडुसष्ट मुलांना अठराच्या खाली कोणालाही नाही. ज्या मुलाने परीक्षेच्या दिवशी चुकून भूगोलाची वही आणली होती, त्यालाही एकोणीस आहेत.

हे कसं घडलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की मुलीचीच चूक वाटेल. आमची प्रयोगशाळा तुम्ही आतून पाहिलेली नाही. तुमचं दुकान शाळेमागच्या गल्लीत होतं तेव्हा तिथे सायकली ठेवत असत, आणि तुम्ही गाव सोडलंत त्याच वर्षी तिची प्रयोगशाळा झाली. मी तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, तिथे परिचर आहे. (त्याआधी चार वर्षं घंटा वाजवत होतो. त्या चार वर्षांत घंटा एकदाही दहा सेकंदांपेक्षा जास्त चुकली नाही, हे अजून लोक काढतात. म्हणजे मी काढतो, आणि ते नाही म्हणत नाहीत.) परिचर म्हणजे कागदोपत्री पुसणारा आणि उचलणारा. माझं शिक्षण कुठे थांबलं ते ताईने तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं असेल; पण पदवीपर्यंतचं सगळं भौतिकशास्त्र मी कपाटामागे उभ्याने वाचून संपवलं आहे आणि दोन पाठ्यपुस्तकांमधल्या मिळून सात चुका प्रकाशकांना कळवल्या आहेत. पाच मान्य झाल्या. उरलेल्या दोन अजून चुकाच आहेत.

या खोलीत आता काय आहे ते ऐका. आम्लाच्या बाटलीत पाणी आहे, कारण आम्ल सांडेल. स्पिरिटच्या दिव्यात काहीच नाही, कारण पेटेल. बरणीतल्या बेडकापासून कोणालाच भय नव्हतं, पण त्याच्या भोवतीचं द्रावण उडून गेलं, आणि तो बेडूक आहे की कोणाचं हरवलेलं पाकीट, यावर नववी आणि दहावीत दोन तट आहेत. लोहचुंबक इतके दमले आहेत की टाचणी शेजारी ठेवली तर दोघंही आपापल्या जागी पडून राहतात. निळा आणि लाल असे दोन्ही लिटमस कागद केव्हाच एका तपकिरी रंगाचे झाले, आणि तरी दर वर्षी एकूण एक मुलगा 'निळा लिटमस लाल होतो' असं न चुकता लिहितो. कारण आमच्याकडे प्रयोग करायचा नसतो, लिहायचा असतो. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान, खबरदारी. अनुमान आधी सांगतात, म्हणजे निरीक्षण चुकायची भीती राहत नाही.

शिकवणाऱ्यांना मुलं 'सुबक सर' म्हणतात, कारण त्यांचा शेरा नेहमी एकच: आकृती सुबक काढा. माणूस वाईट नाही, हे मी त्यांच्यावर रागावलेलो असूनही लिहितो. बारा वर्षांपूर्वी नवे आले तेव्हा त्यांनी वर्गात चंचुपात्र तापवलं होतं. ते तडकलं, पुढच्या बाकावरच्या मुलाचं बोट कापलं, पालक आले, चौकशी झाली, लेखी खुलासा झाला. त्या दिवसापासून सर ज्योत खडूने काढतात. ज्योत फार छान येते, वाऱ्याने हलत नाही आणि कोणाला भाजत नाही. एकोणसत्तर मुलं, पस्तीस मिनिटांचा तास आणि एका कपाटाची एक किल्ली (ती मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, पर्समध्ये असते; शनिवारी पुसण्यापुरती मला मिळते) असं गणित मांडलं तर मीही कदाचित खडूच घेतला असता.

तर निरीक्षणं येतात कुठून? थोरल्या वहीतून. प्रयोगशाळा सुरू झाली त्या वर्षी तपासणीसाठी एक नमुन्याची वही तयार झाली होती. मुलं तिला थोरली वही म्हणतात. दर वर्षी ती वर्गातून फिरते, सर तिच्यातूनच सांगतात, मुलं तिच्यातूनच उतरवतात. वही कोणी लिहिली ते तिच्यावर नाही, पण लिहिणारा माणूस अत्यंत काटेकोर होता असं कोणीही जाणकार म्हणेल. अक्षर मोत्याचं. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग तर वाचत राहावा असा आहे. भिंग खिडकीत धरायचं, दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर स्पष्ट उमटेपर्यंत पुठ्ठा मागेपुढे करायचा, आणि भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बस. दूरची वस्तू म्हणून त्या माणसाने समोरची पाण्याची टाकी घेतली होती. तिसऱ्या निरीक्षणाखाली त्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे, 'टाकीवर कावळा बसल्याने प्रतिमेच्या कडेबद्दल शंका आली, सबब निरीक्षण पुन्हा घेतले.' भावोजी, ही टाकी पाडून अकरा वर्षं झाली. तिच्या जागी तीन मजली इमारत आहे. पण आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या वहीत टाकी आहे, आणि टाकीवर कावळा आहे. बावीस वर्षांत दीड हजार मुलांनी तो कावळा पाहिला आहे. साहित्याच्या यादीत 'पितळी टोपीची मीटरपट्टी' असं आहे. तशी पट्टी शाळेत नाही, कधीच नव्हती, तरी ती सगळ्यांनी वापरली आहे. आणि उत्तर सगळ्यांचं एकच: अकरा सेंटिमीटर.

(आठ वर्षांपूर्वी त्याच मापाची नवी भिंगं आली तेव्हा खोक्यावर कारखान्याने 'दहा सेंमी' छापलं होतं. सरांनी तांबड्या शाईने दहा खोडून अकरा केलं आणि पुरवठादाराला खरमरीत पत्र गेलं. पुरवठादार पोटापाण्याचा माणूस. त्याने माफी मागितली, आणि तेव्हापासून आमच्या शाळेपुरत्या खोक्यांवर तो अकरा छापून पाठवतो. भिंगं तीच.)

आता गेल्या शनिवारकडे येतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाईंच्या पर्समधून किल्ली बाहेर येते आणि साहित्य टेबलावर मांडतात. ते हात लावायला नसतं, परीक्षा चालू आहे असं दिसायला असतं. सगळ्यांनी माना खाली घालून टाकी काढायला सुरुवात केली. धाकटी उठली, भिंग उचललं, पुसलं आणि खिडकीपाशी गेली. मी कोपऱ्यात स्टूलवर होतो. तिने पुठ्ठा मागेपुढे केला, आणि त्या पुठ्ठ्यावर समोरची इमारत उलटी उतरली. गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरीसकट. चादर हलत होती, खाली डोकं वर पाय. बावीस वर्षं मी तिथली भिंगं दर शनिवारी मलमलच्या फडक्याने पुसतो आहे. थोरल्या वहीनंतर त्या खोलीत त्यांच्यातून काही दिसलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी स्टूलवरून उठलो आणि पुन्हा बसलो, एवढंच केलं.

तिने शाळेच्या पोलादी पट्टीने पाच वेळा मोजलं. दहा, दहा, दहा पूर्णांक एक, दहा, दहा. सर फिरत फिरत आले. वही पाहून म्हणाले, "सगळ्यांचं अकरा, तुझं दहा कसं?"

"मोजलं, सर."

"मोजलं म्हणजे? कुठून पाहून लिहिलंस?"

(हे नीट लक्षात घ्या. एका वहीतून अडुसष्ट जणांनी उतरवलं, ते निरीक्षण. आणि जिचं कोणाशीच जुळत नाही, तिने कॉपी केली.)

"टाकी कुठाय?"

"टाकी पाडली, सर. तिथे इमारत आहे."

"आणि कावळा?"

"कावळा नव्हता."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं, आणि तिथे सगळं बिघडलं. सर तावातावाने वही घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी न्याय केला तो असा: वीसपैकी शून्य, येत्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता बाई, सर आणि दुसऱ्या शाळेतला एक तपासनीस अशा तिघांसमोर फेरपरीक्षा, आणि तिला बसायचं असेल तर आधी 'माझी निरीक्षणे काल्पनिक होती' अशा कागदावर सही. सही नाही तर फेरपरीक्षा नाही. फेरपरीक्षा नाही तर विज्ञानात नापास, आणि पुढे विज्ञान शाखेचं दार बंद.

तिने सही केलेली नाही. रडलीही नाही. घरी आल्यावर मामीने विचारलं, तर म्हणाली, "मामी, काल्पनिक तर कावळा आहे." तेव्हापासून गप्प आहे. गप्प मुलगी घरात असली की भांडीसुद्धा जपून वाजतात.

मी काय केलं असं तुम्ही विचाराल. मी तिला सांगितलं की सही कर. मंगळवारी अकरा लिही, टाकी काढ, कावळा काढ, हवे तर दोन काढ, आणि पुढे जा. एका सेंटिमीटरसाठी जन्माचं नुकसान करू नये. तिने माझ्याकडे पाहिलं ते कसं, ते मला लिहिता येत नाही, आणि मला सहसा सगळं लिहिता येतं. तेव्हा हात जोडून विनंती, की वडील या नात्याने आपण तिला चार कडक ओळी लिहाव्यात आणि सही करायला सांगावं. आपलं ती ऐकेल. कापडाच्या दुकानात बसणारा माणूस व्यवहार जाणतो, असं तिचं मत आहे. सौ. ताईस नमस्कार, थोरल्यास आशीर्वाद. सगळ्यांनी जपून असावं. जपून राहण्यासारखं फार काही उरलेलं नाही, पण रीत म्हणून लिहितो.

आपला मेहुणा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'वही कोणी लिहिली ते तिच्यावर नाही' हे वाक्य अचूक आहे, पण पुरेसं नाही. वही मी लिहिली. तेव्हाच्या सरांची दुसऱ्या दिवशी तपासणी होती, त्यांनी मला बसवलं. ते पुढे बदलून गेले, मी कोणाला बोललो नाही. पण दर वर्षी माझा कावळा सत्तर वह्यांत उतरताना पाहून मला काय वाटायचं ते तुम्हाला खोटं कशाला सांगू. ज्याला कोणी कधी फळ्यापाशी उभं केलं नाही, तो दीड हजार मुलांचा गुरू होता. पुरवठादाराला गेलेल्या पत्राचा मसुदाही माझाच. 'आपल्या कारखान्यातील मोजमापाच्या शिस्तीबद्दल खेद वाटतो' हे वाक्य तर मी दोन दिवस घोळवलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी ते भिंग खिडकीत धरून चौदा वेळा मोजलं. चौदाही वेळा दहा.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. माझ्या हातून चूक झाली हे मी मानायला तयार आहे, पण कशी झाली हे कळल्याशिवाय मानणारा मी माणूस नाही. बावीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मीटरपट्टी आली नव्हती. मी शाळेमागच्या गल्लीत एका कापड दुकानात गेलो आणि तिथली पितळी टोपीची लाकडी पट्टी दोन तासांसाठी मागून आणली. ते दुकान तुमचं होतं. पट्टीचं टोक भिंगाला टेकवून मी मोजलं, आणि दर वेळी बरोबर एक सेंटिमीटर जास्त आलं. टोपीखाली सुरुवातीच्या खुणा झाकलेल्या असल्याने शून्य कुठे आहे ते मी पाहिलं नाही; ही माझी चूक, आणि ती मला रोज टोचते. तुमच्या बाजूने विचार केला तर लाकूड झिजतं, टोक झिजल्यावर कोणीतरी ते कापून टोपी बसवली असेल. (फक्त झीज इतकी नेमकी नसते. टोपीच्या पत्र्याची जाडी धरूनसुद्धा बरोबर एक सेंटिमीटर. पण मी त्यात शिरत नाही. पट्टी अजून वापरात आहे का, हेही विचारत नाही.)

मी नुसतं तोंडाने सांगितलं तर बाई म्हणतील, दीड हजार मुलं खोटी आणि परिचर तेवढा खरा? पट्टी टेबलावर ठेवली, टोपी काढली, तर कोणाला काही बोलायला जागा राहणार नाही. तेव्हा खरी विनंती ही: कडक ओळी लिहू नका, पट्टी पाठवा. येणाऱ्या कोणाच्याही हाती, सोमवारपर्यंत पोचेल अशी. दुकानाचं नाव मी घेणार नाही. धाकटीने आज विचारलं, "मामा, वहीतली पितळी टोपीची पट्टी कोणाची होती हो?" मी म्हणालो, आठवत नाही. चुकीची नोंद माझ्याकडून झाली आहे हे आता सिद्धच आहे. खोटी नोंद मात्र ही पहिली.

ता. क. तिसरा, गुरुवार सकाळ. पाकीट चिकटवून धाकटीकडे दिलं की शाळेत जाताना पेटीत टाक. तिने वरचा पत्ता वाचला आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, "मामा, बाबांकडे पट्टी मागितलीत ना?" मी म्हणालो, कसली पट्टी? तर म्हणाली, "सहावीत असताना मी ती टोपी काढून बघितली होती. आत शून्य नाहीच, एकपासून सुरू होते. परत बसवून ठेवली. बाबांना बोलले नाही." थोरल्या वहीत तिने साहित्याची यादी वाचली तेव्हाच तिला कळलं होतं, अकरा कुठून आले. म्हणूनच ती शनिवारी उठून खिडकीपाशी गेली. काल मला विचारलं ते मला ठाऊक आहे का हे बघायला.

मी म्हणालो, अगं मग तिथेच सरांना का नाही सांगितलंस? दहा शब्दांत सुटली असतीस.

"सरांनी विचारलं असतं, पट्टी कोणाची."

एवढं बोलून चपला घालू लागली. ती अकरा लिहिणार नाही, आणि दहा का बरोबर ते सांगणारही नाही. तिचा नकार मी सगळ्या बाजूंनी तपासला, त्यात कुठे फट नाही.

पाकीट परत घेतलं, फोडलं, हे लिहिलं, आता पेटीत मीच टाकणार आहे. पट्टी पाठवू नका, भावोजी. घेऊन या. मंगळवारी, साडेदहाच्या आत. मी थोरली वही घेऊन दाराशी उभा असेन. बाईंच्या टेबलावर तुम्ही पट्टी ठेवा, मी वही ठेवतो, कोणाची कोणती ते आपापलं सांगू. दोघांत वाटली की लाज निम्मी होते म्हणतात. मी मोजून पाहिलेलं नाही.